सड्यावरच्या वनस्पती कशा मोजाव्यात: चिरेखाण, कलमबाग, वणवा आणि चराई यांचा परिणाम तपासण्याची रीत

रत्नागिरीपासून देवगड-मालवणपर्यंत डोंगरांच्या माथ्यावर जांभ्या दगडाची जी उघडी, सपाट पठारे आहेत त्यांना कोकणात सडा म्हणतात. एप्रिलमध्ये सड्यावर गेलेल्या माणसाला काळपट कातळ, तुरळक वाळके गवत आणि तापलेली हवा एवढेच दिसते, आणि सातबाऱ्यावरही अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशीच असते. पावसाळ्यात मात्र याच कातळावरच्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, तेरडा आणि नाना जातींची गवते उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि ऑक्टोबर संपता संपता दिसेनाशी होतात. सड्यावर चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे कापून काढण्याची खाण, सुरू झाली किंवा आंबा-काजूच्या कलमांची बाग उभी राहिली की या वनस्पतींचे काय होते, असा प्रश्न गावात निघाला तर दोन उत्तरे ठरलेली असतात: ‘सगळे संपले’ आणि ‘तिथे होते तरी काय?’ दोन्ही उत्तरे न मोजता दिलेली असतात. ज्यांना मोजून उत्तर द्यायचे आहे अशा विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी ही रीत सविस्तर लिहीत आहे. तिला महागडे साहित्य लागत नाही. एक पावसाळा आणि बरीच चिकाटी मात्र लागते.

मोजण्याआधी हस्तक्षेपाची जात ओळखावी

बहुतेक पाहण्या पहिल्याच पायरीवर चुकतात, कारण खाण, बाग, रस्ता, चराई, वणवा आणि पर्यटन या सर्वांना ‘मानवी हस्तक्षेप’ अशा एकाच रकान्यात टाकले जाते आणि कमी, मध्यम, जास्त असे तीन गुण देऊन काम उरकले जाते. माझ्या मते सड्यावर आधी दोन वेगळे गट पाडले पाहिजेत. पहिल्या गटातले हस्तक्षेप वनस्पतींच्या पायाखालची जमीनच बदलतात. दुसऱ्या गटातले हस्तक्षेप जमीन तशीच ठेवून तिच्यावर वाढलेले छाटतात, खातात, तुडवतात किंवा जाळतात. हे दोन गट एकाच मोजपट्टीवर बसत नाहीत, आणि बसवले तर निष्कर्ष हमखास फसवा निघतो.

चिरेखाण पहिल्या गटातली आहे. जांभा दगड हा मूळ खडकातली सिलिका लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन जाऊन लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरल्याने तयार झालेला असतो. फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगाडिपुरमच्या परिसरात लोकांना हा दगड विटांसारखा कापून काढताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. म्हणजे या खडकाचे शास्त्रीय नावच एका अर्थाने खाणीतून आले आहे. ताजा कापलेला चिरा तुलनेने मऊ असतो आणि हवेत राहून टणक होतो, त्यामुळे खाणीची तळजमीनही काही काळाने घट्ट होते. परंतु वरच्या कवचावर युगानुयुगे पडलेले खळगे, भेगा, उथळ बशीसारखे खोलगट भाग आणि त्यांत कणाकणाने साठलेली माती माणसाच्या आयुष्याच्या मापात पुन्हा तयार होत नाही.

कलमबागही पहिल्याच गटात घालावी लागते, आणि याचे अनेकांना आश्चर्य वाटते. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली, त्यानंतर कोकणातल्या वरकस जमिनींवर आणि सड्यांवर आंबा-काजूची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. सड्यावर बाग करायची म्हणजे कातळ फोडून खड्डे घ्यायचे, दुसरीकडची माती आणून ते भरायचे, भोवती गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, घालायचा आणि झाडांना खत द्यायचे. बाहेरून पाहताना हे हिरवे दिसते आणि शेतकऱ्याच्या घरात त्यातून पैसा येतो, हेही तितकेच खरे आहे. तरीही सड्याच्या मूळ वनस्पतींच्या दृष्टीने ती जमीनच बदललेली असते.

चराई, गवत कापणी, वणवा आणि पायांखाली तुडवले जाणे हे दुसऱ्या गटातले हस्तक्षेप आहेत. यांच्याबाबत ‘जितका हस्तक्षेप जास्त तितकी विविधता कमी’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही. जोसेफ कॉनेल या अमेरिकन परिस्थितिकी-शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये असे मांडले की हस्तक्षेप फार थोडा असला तर एकदोन बलवान जाती बाकीच्यांना दाबून टाकतात, फार जास्त असला तर मोजक्याच चिवट जाती टिकतात, आणि सर्वाधिक जाती मधल्या अवस्थेत आढळतात. हा सिद्धांत सर्वत्र लागू पडत नाही आणि त्यावर टीकाही बरीच झाली आहे, परंतु गुरे चरणाऱ्या सड्यावर तो डोक्यात ठेवून काम करणे उपयोगाचे ठरते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत आले, गर्दी रोखण्यासाठी तारेचे कुंपण घालण्यात आले आणि त्याबरोबर गुरांचा वावरही थांबला; पुढे गवत माजून फुले कमी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि अखेर ते कुंपण काढण्यात आले. कोकणातही शेतीचे यंत्रीकरण आणि मुंबईकडचे स्थलांतर यांमुळे गुरे कमी होत चालली आहेत. म्हणून ‘चराई बंद झाली’ हीसुद्धा आपल्या वहीत बदल म्हणूनच नोंदवावी लागते.

कुठे मोजावे

सडा एकसारखा नसतो. उघडा कातळ, पाणी साठणारी डबकी, बोटभर माती असलेले खळगे, पाणी झिरपत राहणारे उतार, भेगा आणि कडेची झुडपी पट्टी या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वनस्पती असतात. खाणीजवळच्या डबक्याची तुलना दूरच्या खळग्याशी केली तर जो फरक दिसेल तो डबके आणि खळगा यांतला असेल, खाणीचा त्याच्याशी काहीही संबंध नसेल. म्हणून आधी सड्यावर एकदा नुसते चालून या जागांचा कच्चा नकाशा काढावा आणि तुलना नेहमी खळग्याची खळग्याशी, झिरप्याची झिरप्याशी अशीच करावी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने फक्त खळगे आणि झिरपे हे दोनच प्रकार घ्यावेत. सगळे घेतले तर पाऊस संपतो आणि काम उरते.

जागा निवडताना दुसरी एक मोठी चूक होते आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. समजा आपण एका खाणीभोवती तीस चौकटी (एक मीटर बाय एक मीटरचे मोजणीचे चौरस; त्या कशा करायच्या ते पुढे येईल) मोजल्या आणि दूरच्या अभंग कातळावर तीस मोजल्या. वहीत साठ नोंदी झाल्या म्हणून आपल्याला वाटते की पुरावा भक्कम आहे. प्रत्यक्षात आपण एकच खाण पाहिली आहे. तो भाग मुळातच पाणी कमी धरणारा असेल, किंवा खाणमालकाने चांगला, सलग कातळ पाहूनच तो तुकडा निवडला असेल, तर तीस काय आणि तीनशे काय, चौकटींची संख्या वाढवून ही अडचण सुटत नाही. उपाय एकच आहे: वेगवेगळ्या गावांतल्या निदान तीन-चार खाणी घ्याव्यात, प्रत्येक खाणीला शक्य तितका तसाच उतार, तशीच उंची आणि तसेच पाणी असलेला अभंग जोडीदार तुकडा शोधावा, आणि निष्कर्ष काढताना चौकटी न मोजता अशा जोड्या मोजाव्यात. चार जोड्यांपैकी चारही ठिकाणी एकाच दिशेचा फरक दिसला तर ती गोष्ट एका ठिकाणच्या शंभर चौकटींपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

खाणीचा परिणाम किती दूर पोहोचतो हे पाहायचे असेल तर जोडी न लावता अंतराची रेघ आखावी. खाणीच्या काठापासून ०, १०, २५, ५०, १०० आणि २०० मीटरवर चौकटी टाकाव्यात आणि ही रेघ शक्यतो उताराच्या दोन्ही दिशांना न्यावी. कारण साधे आहे: सड्यावर पावसाचे पाणी पातळ थराने वाहत जाते, खोल कापलेली खाण ते आपल्यात ओढून घेते, आणि मग खालच्या बाजूचे झिरपे लवकर आटतात का, हे वरच्या बाजूशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. वाऱ्याची दिशाही लिहून ठेवावी, कारण चिरे कापताना उडणारी तांबडी धूळ पानांवर बसते.

जमीन खाजगी असेल तर मालकाला आणि एरवीही गावात सांगूनच काम सुरू करावे. वह्या, दोऱ्या घेऊन अनोळखी माणसे सड्यावर फिरू लागली की जमीन कोणासाठी तरी मोजली जात आहे असा समज होतो, आणि कोकणातल्या अलीकडच्या अनुभवामुळे तो समज अगदीच निराधार म्हणता येत नाही.

चौकट कशी करावी आणि कशी टाकावी

अर्धा इंची पीव्हीसी पाइपाचे चार तुकडे आणि चार कोपरजोड घेऊन आतून एक मीटर बाय एक मीटर अशी चौकट तयार होते. तिच्या चारही बाजूंना दर १० सेंटिमीटरवर भोक पाडून नायलॉनची दोरी आडवी-उभी ओवली की आत १०० घरे होतात. एवढ्यात सड्यावरच्या छोट्या वनस्पतींचे काम भागते. कडेच्या झुडपांसाठी ५ बाय ५ मीटरचा चौरस दोरीने आखून घ्यावा.

चौकट कुठे टाकायची हे डोळ्यांवर सोडू नये. पहिल्या वर्षी मी ही चूक मनापासून केली: अभंग सड्यावर जिथे सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा दिसला तिथे आपोआप गुडघे टेकले गेले आणि खाणीच्या बाजूला जिथे पाय पोहोचला तिथे चौकट ठेवली गेली. फरक डोळे दिपवणारा निघाला आणि त्यामुळेच संशय आला. तो सगळा हंगाम बाद धरावा लागला. आता पन्नास मीटरची दोरी सरळ अंथरतो, दर पाच मीटरवर थांबतो, फासा टाकून सम पडले तर उजवीकडे आणि विषम पडले तर डावीकडे वळतो, पुन्हा फासा टाकून तितकी पावले चालतो, आणि त्या ठिकाणाहून आपल्याला हव्या त्या प्रकारचा जो सर्वांत जवळचा खळगा असेल त्यात चौकट ठेवतो. फुले चुकतात याचे वाईट वाटते. पण पद्धत हीच आहे.

चौकट ठेवल्यावर लगेच लिहायला लागू नये. आधी वरून सरळ एक छायाचित्र काढावे, मग गुडघ्यांवर बसून दोन मिनिटे नुसते पाहावे. उभ्याने पाहताना जे ‘गवत’ दिसते त्यात बसून पाहिले की तीन-चार वेगळी गवते, त्यांच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढे गेंदाचे पांढरे चेंडू आणि ओल्या मातीला चिकटून असलेली दवबिंदूची तांबूस पाने दिसू लागतात. प्रत्येक जातीसाठी १०० पैकी किती घरांत ती आहे हा आकडा लिहावा. रोपे एकेक करून मोजण्याचा मोह टाळावा, कारण गवताचा एक ठोंब म्हणजे एक रोप की वीस, यावर दोन माणसांचे कधीच एकमत होत नाही. घरांच्या संख्येवर मात्र होते.

किती चौकटी पुरेत याला ठरलेला आकडा नाही. प्रत्येक तुकड्यात प्रत्येक प्रकारच्या दहा चौकटींपासून सुरुवात करावी आणि चौकटींबरोबर एकूण जातींची संख्या कशी वाढते याचा आलेख काढत जावा. शेवटच्या चार-पाच चौकटींत नवी जात सापडेनाशी झाली की त्या तुकड्यात थांबायला हरकत नाही. तुलना करताना दोन्ही बाजूंच्या चौकटी समान संख्येने घ्याव्यात, कारण जास्त शोधले की जास्त सापडते.

केव्हा मोजावे

एका फेरीत सडा कळत नाही. पहिली फेरी पाऊस स्थिरावल्यावर जूनच्या अखेरीस करावी, कारण कंदवर्गीय वनस्पती तेव्हाच वर येतात. कोकणातच सापडणारी पांढऱ्या फुलांची दीपकाडी याच दिवसांत फुलते आणि तिचा काळ गेल्यावर तिची अरुंद पाने गवतात ओळखू येणे कठीण असते. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सड्यावर जाणारा माणूस ‘इथे दीपकाडी नाही’ असे प्रामाणिकपणे आणि चुकीचे लिहून मोकळा होतो. दुसरी फेरी ऑगस्टच्या मध्यास, आणि तिसरी सप्टेंबरअखेर गवते तुऱ्यात आली की करावी, कारण तुरा नसलेल्या गवताची जात ठरवणे जाणकारांनाही जड जाते. प्रत्येक फेरीत जोडीतले दोन्ही तुकडे दोन-तीन दिवसांच्या आत मोजून व्हावेत. मध्ये आठवड्याची उघडीप गेली तर आपण खाण न मोजता उघडीप मोजतो.

हस्तक्षेपाची नोंद

वनस्पतींइतकीच काळजी हस्तक्षेपाच्या नोंदीत घ्यावी लागते, आणि नेमके तिथेच कंटाळा केला जातो. चौकटीभोवती पाच मीटरच्या वर्तुळात शेणाचे पो किती, खुरांचे ठसे आहेत का, गवताचे ठोंब करपलेले आहेत का, वाहनाच्या चाकोऱ्या आहेत का, बाहेरची माती किंवा चिऱ्यांचा चुरा पडला आहे का, जवळच्या बागेचा गडगा किती मीटरवर आहे, हे सर्व आकड्यांत किंवा ‘आहे–नाही’ असे लिहावे. त्याबरोबर हस्तक्षेपाचे वयही हवे. पाच वर्षांपूर्वी बंद पडलेली खाण आणि चालू खाण यांना एका नावाखाली घालता येत नाही.

वय आणि इतिहास कळण्याचा मार्ग माणसांतून जातो. सड्यावर गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्या काकांना आणि गवत कापायला येणाऱ्या काकींना विचारल्याशिवाय वही पुरी होत नाही. ‘इथे हस्तक्षेप होतो का?’ असे विचारू नये. गुरे कोणत्या महिन्यात सोडता, पूर्वी किती असायची, गवत कधी कापता, वणवा यापूर्वी कधी लागला, हे डबके पूर्वी कोणत्या सणापर्यंत पाणी धरायचे, असे विचारावे. गणपतीपर्यंत की दिवाळीपर्यंत, हे उत्तर लोक न अडखळता देतात आणि तारखेपेक्षा ते अधिक भरवशाचे असते. स्थानिक नावेही तिथेच मिळतात. फोडशी, कुर्डू, भारंगी, टाकळा या रानभाज्या ओळखण्यात बायकांचा हात धरणारा वनस्पतिशास्त्रज्ञ मी तरी पाहिलेला नाही.

ओळख पटवताना

नाव माहीत नसलेल्या वनस्पतीला ‘खळगा-गवत १’ असे कामचलाऊ नाव द्यावे, पान, खोड, फूल आणि पूर्ण रोप अशी चार छायाचित्रे काढावीत आणि तेच नाव सर्व चौकटींत काटेकोरपणे वापरावे. विविधतेच्या हिशेबासाठी शास्त्रीय नाव उशिरा कळले तरी चालते. एकाच वनस्पतीला दोन नावे पडली तर मात्र चालत नाही. छायाचित्रे इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या संकेतस्थळावर टाकली की जाणकारांकडून ओळख पटवून घेता येते. दुर्मीळ वनस्पती उपटून आणू नये आणि दीपकाडीसारख्या कंदाची नेमकी जागा जाहीर करू नये.

एक सूचना वनस्पतींबाहेरची आहे. सड्यावरच्या सुट्या दगडांखाली फुरसे असते. ते लहान असते, रंगाने दगडात मिसळून जाते आणि कोकणात त्याच्या दंशाच्या घटना नव्या नाहीत. चौकट सरळ बसावी म्हणून हाताने दगड बाजूला सारू नये, घोट्यावर येणारे बूट घालावेत आणि वीज कडाडू लागली की उघड्या सड्यावरून सरळ खाली उतरावे.

हिशेब

पहिला आकडा म्हणजे जातींची एकूण संख्या. दुसरा आकडा वाटणीचा. समजा एका तुकड्यात तीनच जाती आहेत आणि घरांच्या संख्येनुसार त्यांचे वाटे ५०, ३० आणि २० टक्के आहेत. प्रत्येक वाट्याचा दशांशात वर्ग करून बेरीज केली तर ०.२५ + ०.०९ + ०.०४ = ०.३८ येते. १ ला या बेरजेने भागले की सुमारे २.६ मिळतात. दुसऱ्या तुकड्यातही तीनच जाती आहेत, पण वाटे ९०, ५ आणि ५ आहेत. तिथे बेरीज ०.८१५ आणि भागाकार सुमारे १.२ येतो. म्हणजे यादी दोन्हीकडे तीन नावांची असली तरी दुसऱ्या तुकड्यात जवळजवळ एकाच जातीचे राज्य आहे. ही पद्धत एडवर्ड सिम्प्सन याने १९४९ मध्ये मांडलेल्या सूत्रावर आधारलेली आहे आणि ती साध्या गणकयंत्रावर होते. विविधता मोजण्याचे दुसरे सूत्र असलेला शॅननचा निर्देशांकही पुष्कळ वापरला जातो, परंतु ‘१.८ आले’ असे सांगितल्यावर ग्रामसभेत कोणाला काही बोध होत नाही, तर ‘तीन जाती आहेत पण वाटणी पाहता सव्वाच’ हे वाक्य समजते.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुधा वगळला जातो. अभंग खळग्यांत एकूण १० जाती मिळाल्या आणि बागेच्या कडेच्या खळग्यांत १४ मिळाल्या असे धरू. एवढेच छापले तर बागेमुळे विविधता वाढली असा निष्कर्ष निघतो. आता दोन्हीकडे समान असलेल्या जाती मोजाव्यात. त्या ३ आहेत असे समजू. समान जातींची दुप्पट भागिले दोन्ही याद्यांची बेरीज, म्हणजे ६ भागिले २४, हे सोरेन्सनचे साम्य ०.२५ येते. पूर्ण साम्य असते तर १ आले असते. चौदाची यादी उघडून पाहिली की तिच्यात टाकळा, एकदांडी, ओसाडी, रानमोडी, घाणेरी, रानतुळस अशी नावे दिसतात. यांतल्या बऱ्याच जाती मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या आहेत आणि हलवलेल्या मातीत त्या कुठेही उगवतात, राजापुरात जशा तशाच नागपुरात. जाती चारने वाढल्या म्हणताना सड्याच्या सात गेल्या आणि नव्या अकरा आल्या, हे त्या एका बेरजेत झाकले गेलेले असते.

म्हणून प्रत्येक जातीपुढे तीन खुणांपैकी एक करावी: फक्त पश्चिम घाट-कोकणातली, भारतात इतरत्रही सापडणारी, आणि बाहेरून आलेली. मग विविधता एका आकड्यात न सांगता या तीन रकान्यांत सांगावी.

आकड्यांमागचे कारण शोधताना

बागेच्या खालच्या उतारावरून सीतेची आसवे आणि दवबिंदू नाहीशी झालेली आढळली तर ‘माणसांचा वावर’ एवढे कारण पुरेसे नाही. या दोन्ही वनस्पती कीटक खातात. सीतेच्या आसवांना चिखलात बुडालेल्या बारीक पिशव्या असतात आणि सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढते. दवबिंदूच्या पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटे अडकतात. हा सगळा खटाटोप नत्र मिळवण्यासाठी असतो, कारण सड्याच्या धुपलेल्या मातीत ते जवळजवळ नसतेच. या दारिद्र्यातच त्यांची सोय आहे, कारण भराभर वाढणारी गवते तिथे तग धरू शकत नाहीत. वरच्या बागेत बाहेरची माती आणि खत आले, पावसाने ते खालच्या झिरप्यात उतरले, की दाट गवतांना पोषण मिळते आणि सावलीखाली ही इवली रोपे गुदमरतात. हे खरे आहे का ते तपासता येते: बागेच्या वरच्या बाजूच्या झिरप्यात ती टिकून असतील आणि खालच्या बाजूला नसतील तर संशयाला बळ मिळते, दोन्ही बाजूंना नसतील तर कारण दुसरे शोधावे लागते. माती आणि पाणी तपासून नत्र-स्फुरदाचे आकडे मिळाले तर उत्तमच.

चराईबाबत मात्र घाईने दोषारोप करू नये. जिथे शेणाचे पो मध्यम प्रमाणात आहेत आणि गवत आखूड आहे तिथे छोट्या फुलझाडांच्या जाती जास्त निघण्याची शक्यता असते, आणि जिथे चराई पूर्ण थांबली आहे तिथे एकदोन उंच गवते शंभरपैकी नव्वद घरे व्यापून बसलेली आढळू शकतात. वणव्याचा परिणाम त्याच्या महिन्यावरही अवलंबून असतो. डिसेंबरात बी झडून गेल्यावरची आग आणि ऑक्टोबरात बी अजून तुऱ्यात असतानाची आग यांत फार अंतर आहे. आणि हे दोन्ही हस्तक्षेप थांबवले, वाढवले किंवा पुढेमागे केले तर काही पावसाळ्यांत चित्र बदलू शकते. खाणीच्या रकान्यात ही सोय नाही. बंद खाणीत पाणी साठून पाणकणीस उगवते, काठावर रानमोडी माजते, पक्षीही येतात, आणि त्याला कोणी ‘पुनरुज्जीवन’ म्हटले तर यादी पुढे करून खळग्यातल्या किती जाती परत आल्या ते विचारावे.

काम संपल्यावर मूळ नोंदी, छायाचित्रे आणि तीन रकान्यांची यादी यांची एक प्रत गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींत या समित्या नेमल्या जातात आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे हे त्यांचे काम आहे. सड्याची पाने त्या नोंदवहीत बहुधा कोरी असतात. प्रत्येक चौकटीच्या एका कोपऱ्याशी कातळावर ऑइलपेंटचा रुपयाएवढा ठिपका देऊन जीपीएसचे आकडे लिहून ठेवावेत. जीपीएस तीन-चार मीटर इकडेतिकडे होतो, म्हणून ठिपक्यापासून जवळचा मोठा दगड, गडग्याचा कोपरा किंवा करवंदीची जाळी किती पावलांवर आहे तेही वहीत मांडावे. उन्हाळ्यात एकदा जाऊन ठिपके पुन्हा रंगवावेत, कारण कोकणातला एक पावसाळा ऑइलपेंट निम्मा खाऊन टाकतो, आणि पुढच्या जूनच्या अखेरीस दीपकाडी वर आली की त्याच ठिपक्यांवर, त्याच चौकटीने पुन्हा बसावे.